पाडलेस खरे, पण कुणाला?

'अपराजित' या शब्दाचा आपल्या मनावर विलक्षण पगडा आहे. ज्याची पाठ कधी मातीला लागली नाही तो मोठा, हे आपण लहानपणापासून गृहीत धरून चालतो. पाठ लावायला समोर कोण उभा होता, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो. प्रस्तुत लेखात मला तोच प्रश्न विचारायचा आहे. त्यासाठी मी जे क्षेत्र निवडले आहे, त्याचे नाव काढताच आपल्या काही प्राध्यापकांच्या कपाळावर आठी उमटेल : संगणकावर आणि मोबाईलवर ऑनलाइन खेळले जाणारे, लढवय्ये सांभाळण्याचे खेळ.

ज्यांना हे खेळ ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. येथे खेळणारा स्वतः ठोसे मारीत नाही. तो असतो वस्ताद. त्याच्या पदरी काही लढवय्ये असतात; तेही हाडामांसाचे नव्हेत, आकड्यांचे. ताकद इतकी, चपळाई इतकी, दमसास इतका, पकड इतकी. कोणाला कसला सराव द्यायचा, विश्रांती किती द्यायची, लढतीत आधी अंगावर जायचे की समोरच्याला दमवायचे, हे सारे वस्तादाने ठरवायचे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कोणाचे आव्हान घ्यायचे व कोणाचे टाळायचे, हेही त्यानेच ठरवायचे. प्रत्यक्ष लढत संगणक लावतो. दोघांचे गुण, दोघांची आखणी आणि थोडा दैवाचा वाटा यांचा हिशेब होऊन निकाल लागतो. पलीकडचा वस्ताद मात्र खराखुरा माणूस असतो. शेवटी जगभरच्या अशा वस्तादांची एक क्रमवारी लागते, आणि त्या क्रमवारीसाठी जीव टाकणारे तरुण आमच्या वसतिगृहातही चारपाच आहेत. त्यांत मी एक.

आमचा नेहमीचा वाद हा, की यादीत वर असलेला खरोखरच वरचढ आहे काय? गेली दोन वर्षे हा वाद ऐकून आणि घालून माझे मत असे झाले आहे की, क्रमवारीतला आकडा निम्मी गोष्ट सांगतो आणि निम्मी लपवतो. लपवलेली निम्मी गोष्ट म्हणजे प्रतिस्पर्ध्याची निवड.

समजा, एका वस्तादाच्या गड्याने वीस लढती दिल्या आणि वीसही जिंकल्या. दुसऱ्याच्या गड्याने सतरा दिल्या, अकरा जिंकल्या, सहा हरल्या. केवळ बेरीज पाहणारा पहिल्याला मुजरा करील. पण पहिल्याचे वीसही प्रतिस्पर्धी नुकतेच खेळात आलेले, ज्यांना सराव कसा द्यावा हेही कळलेले नाही असे असतील, आणि दुसऱ्याचे सतराच्या सतरा यादीतल्या पहिल्या पन्नासांतले असतील, तर? मग वीस विजयांतून आपल्याला काय कळले? एवढेच की हा गडी नवख्यांना पाडू शकतो. तो कसलेल्या गड्यापुढे कसा उभा राहील, याबद्दल त्या वीस निकालांत एक अक्षरही नाही. उलट दुसऱ्याच्या सहा पराभवांतूनही आपल्याला पुष्कळ कळते. तात्पर्य, विजयांची संख्या ही कौशल्याची मोजणी नव्हे. ती केवळ नोंद आहे.

ही अडचण आजची नाही. प्रत्यक्ष मुष्टियुद्धाच्या इतिहासात ती पानोपानी आहे. रॉकी मार्सियानो 1956 मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर 49 लढती आणि 49 विजय होते. मुहम्मद अलीने 61 लढती दिल्या, 56 जिंकल्या आणि 5 हरला. मार्सियानो हा थोर होताच. पण केवळ शून्य पराभव म्हणून तो अलीहून थोर, असे म्हणणारा जाणकार सापडणे कठीण. कारण लिस्टन, फ्रेझर, फोरमन, नॉर्टन ही अलीपुढे उभी राहिलेली नावे त्या पाच पराभवांपेक्षा मोठ्याने बोलतात. फ्लॉइड मेवेदरने 2017 मध्ये आपला पन्नासावा विजय मिळवला तो कॉनर मॅक्ग्रेगरवर, म्हणजे व्यावसायिक मुष्टियुद्धाची ज्याची ती पहिलीच लढत होती अशा माणसावर. कागदावर मात्र पन्नासावा विजय हा एकोणपन्नासाव्याइतकाच एक विजय असतो. कागदाला डोळे नसतात.

आणि कागद खोटाही असू शकतो. 1977 साली अमेरिकेत डॉन किंग या लढतींच्या आयोजकाने एबीसी दूरचित्रवाणीच्या साह्याने मुष्टियुद्धाची एक मोठी राष्ट्रीय स्पर्धा भरवली. लढवय्यांची निवड 'द रिंग' या प्रतिष्ठित मासिकाच्या क्रमवारीवर आधारलेली होती. पुढे उघडकीस आले की काही लढवय्यांच्या नावावर कधी झाल्याच नव्हत्या अशा लढतींचे विजय चढवले गेले होते. स्पर्धा अर्ध्यावर बंद करावी लागली. क्रमवारीला पैसा आणि संधी चिकटली की क्रमवारीवरच डाव टाकले जातात, हा त्यातला धडा.

मग उपाय काय? बुद्धिबळाच्या जगाने यावर फार पूर्वी एक सुंदर उत्तर शोधले. हंगेरीत जन्मलेले व अमेरिकेत स्थायिक झालेले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्पाद एलो यांनी एक गुणपद्धती तयार केली. ती अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघाने 1960 मध्ये व जागतिक महासंघाने 1970 मध्ये स्वीकारली. तिच्यामागची कल्पना साधी आहे. दोन खेळाडूंच्या गुणांतील फरकावरून आधीच अपेक्षा काढायची. फरक दोनशेचा असेल, तर वरच्याने शंभरांत सुमारे शहात्तर गुण मिळवावेत ही अपेक्षा. फरक चारशेचा असेल तर सुमारे एक्याण्णव. मग प्रत्यक्ष निकाल आणि अपेक्षा यांची तुलना करायची. अपेक्षेपेक्षा जास्त मिळवलेस तर चढ, कमी मिळवलेस तर उतर. त्यामुळे चारशे गुणांनी खालच्याला हरवणाऱ्या वरिष्ठ खेळाडूला एक संपूर्ण गुणही मिळत नाही, पण त्याच्याकडून हरला तर सुमारे नऊ गुण जातात. दुबळ्याला पाडून मोठे होण्याचा मार्ग या हिशेबाने बराच अरुंद झाला. आज बहुतेक ऑनलाइन खेळांच्या क्रमवाऱ्या याच कल्पनेच्या लेकी-नाती आहेत.

पण अरुंद झालेला मार्ग बंद झाला नाही. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या तुरुंगात क्लॉड ब्लडगुड नावाचा जन्मठेपेचा कैदी होता. तो उत्तम बुद्धिबळ खेळे, आणि तुरुंगात स्पर्धा भरवी. खेळणारे सारे कैदीच. बाहेरच्या जगाशी त्यांचा डाव कधी पडत नसे. आपापसांत खेळून त्यांचे गुण ठरत आणि ते गुण ब्लडगुडकडून हरताना त्याच्याकडे वाहून येत. असे करता करता 1996 मध्ये त्याचे गुण 2702 वर पोचले आणि अमेरिकेच्या यादीत तो दुसऱ्या क्रमांकावर जाऊन बसला! त्याचा हेतू वाईट होता की हा पद्धतीचाच दोष होता, याबद्दल दुमत आहे. माझ्या दृष्टीने हेतूचा प्रश्न गौण आहे. मुद्दा असा की, एलोचे गणित चोख असले तरी ते एक गोष्ट धरून चालते : सर्वजण सर्वांशी कधी ना कधी मिसळून खेळतात. डबक्याच्या भोवती भिंत घातली की त्या डबक्यातला मासा देवमासा ठरतो. आमच्या ऑनलाइन खेळात ही डबकी रोज तयार होतात. पाचसात मित्र एकत्र येतात, आपापसांत लढती लावतात, आणि ठरवून एकाला वर ढकलतात. गावाकडच्या भाषेत याला नुरा कुस्ती म्हणतात.

कोणी म्हणेल, हे तुरुंगातले आणि वसतिगृहातले प्रकार. वरच्या पातळीवर असे होत नाही. होते. विश्वविजेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या 'कॅन्डिडेट्स' स्पर्धेत एक जागा गुणांच्या आधारे मिळत असे. 2023 च्या डिसेंबरात ती जागा गाठण्यासाठी अलिरेझा फिरुझा याच्याकरिता फ्रान्समधील शार्त्र येथे घाईघाईने काही सामने भरवण्यात आले. समोर त्याच्याहून बरेच खालच्या गुणांचे ग्रँडमास्टर. जागतिक महासंघाने ते सामने धरायला नकार दिला. तेव्हा तो रुआँ येथील खुल्या स्पर्धेत उतरला, सातच्या सात डाव जिंकला आणि जागा पटकावली. त्याच महिन्यात आपल्याकडे चेन्नईतही ऐन वेळी एक स्पर्धा भरली आणि तिच्या निकालाने गुकेशला दुसऱ्या एका वाटेने त्याच 'कॅन्डिडेट्स'चे दार उघडले. पण चेन्नईत समोर अर्जुन एरिगैसीसारखे तोलामोलाचे गडी होते, हा फरक ध्यानात घ्यावा. गुकेश पुढे ती स्पर्धा जिंकला आणि 2024 च्या अखेरीस विश्वविजेता झाला. 2025 मध्ये हिकारू नाकामुरा याने आवश्यक डावांची संख्या भरून काढण्यासाठी अमेरिकेतल्या छोट्या प्रांतिक स्पर्धांत, आपल्याहून शेकडो गुणांनी खालच्या हौशी खेळाडूंशी डाव मांडले. आणि आपण हे का करतो आहोत, तेही त्याने लपवले नाही. नियम असा होता की फरक चारशेहून कितीही जास्त असला तरी तो चारशेच धरायचा, त्यामुळे अशा प्रत्येक विजयाला थोडे का होईना गुण मिळत. महासंघाने त्याच वर्षी ऑक्टोबरपासून 2650 च्या वरच्या खेळाडूंसाठी ही सवलत काढून टाकली.

या तिन्ही प्रसंगांत कोणी नियम मोडला असे मी म्हणत नाही. नियम होते, त्यांच्या आत राहून जोड निवडली गेली. आणि येथेच माझ्या विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा येतो. तो टाळून पुढे जाणे म्हणजे मीही दुबळा प्रतिस्पर्धी निवडल्यासारखे होईल. म्हणून तो पूर्ण जोराने मांडतो.

ते म्हणतात : "हा खेळ ठोशांचा नाही, व्यवस्थापनाचा आहे. कोणाशी लढावे आणि कोणाशी लढू नये हे ओळखणे, हेच तर वस्तादाचे कौशल्य! सेनापती जिथे जिंकता येईल तिथेच लढाई देतो. त्याला आपण भित्रा म्हणतो का? मग पडेल प्रतिस्पर्धी हुडकून काढणाऱ्या वस्तादाला नावे का ठेवायची?"

या मुद्द्यात तथ्य आहे. कुस्तीच्या तालमीतला वस्तादसुद्धा कोवळ्या पोराला पहिल्याच वर्षी नामांकित मल्लासमोर ढकलत नाही. आधी जोडीचा, मग किंचित सरस, मग त्याहून सरस, अशा पायऱ्यांनी तो पोर घडवतो. वेळेपूर्वी मोठी जोड घेऊन हाडे मोडून बसलेल्या पोरांच्या कथा प्रत्येक तालमीत सांगितल्या जातात. तेव्हा निवड हे कौशल्य आहे, हे मला मान्यच आहे. परंतु निवड कशासाठी, हा प्रश्न उरतोच. गडी वाढावा म्हणून केलेली निवड वेगळी आणि आकडा वाढावा म्हणून केलेली निवड वेगळी. पहिल्या निवडीत प्रतिस्पर्धी हळूहळू चढत जातो. दुसरीत तो वीस लढतींनंतरही तिथेच असतो. पहिलीचे फळ गड्याच्या अंगात दिसते, दुसरीचे फक्त यादीत. आणि सेनापतीचे म्हणाल, तर सेनापतीला राज्य राखायचे असते. त्याने ओस पडलेली खेडी जिंकून विजयांची संख्या वाढवली असती, तर त्याला आपण थोर म्हटले नसते.

आपल्याकडच्या जत्रेतल्या मैदानात या प्रश्नाचे फार शहाणपणाचे उत्तर आहे, असे मला वाटते. तिथे हलगी वाजत असते, मल्ल मैदानातून फिरतात आणि जोड लावण्याचे काम पंच व जुने वस्ताद करतात. अंगापिंडाने, वयाने, नावलौकिकाने तोलून जोड लावली जाते. जोड विषम लागली तर कडेला बसलेले लोकच ओरडून उठतात. म्हणजे निवडीचा अधिकार एकट्या मल्लाच्या हातात नाही, आणि ती निवड चारचौघांच्या डोळ्यांसमोर होते. काटाजोड कुस्ती बरोबरीत सुटली तरी लोक दोघांना फेटे बांधतात. विषम जोडीतल्या चितपट कुस्तीला टाळीसुद्धा धड पडत नाही. त्या अशिक्षित म्हणवल्या जाणाऱ्या प्रेक्षकाला एलोचे गणित माहीत नसते. परंतु त्यातले मर्म त्याला पक्के कळलेले असते. आणि गामा पहिलवानाची गोष्ट कोणाला ठाऊक नाही? 1910 साली लंडनला गेल्यावर उंची कमी म्हणून त्याला स्पर्धेत घेईनात, तेव्हा त्याने उघडे आव्हान दिले : ज्याला यायचे त्याने यावे. प्रतिस्पर्धी निवडण्याचा हक्क सोडून देणे, हीच त्याने दिलेली आपल्या ताकदीची पहिली साक्ष होती.

तेव्हा खेळ रचणाऱ्यांनी काय करावे? माझ्या अल्पमतीप्रमाणे चार गोष्टी. पहिली, एकाच प्रतिस्पर्ध्याला पुन्हा पुन्हा पाडल्यास दरवेळी मिळणारे श्रेय घटत जावे. म्हणजे मित्रांची डबकी आपोआप आटतील. दुसरी, आकड्याबरोबर त्या आकड्याची खात्री किती हेही छापावे. मार्क ग्लिकमन या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने एलोच्या पद्धतीत ही सुधारणा केली आहे : जो फार दिवस खेळला नाही, त्याच्या गुणांविषयीचा संशय वाढत जातो. त्यामुळे शिखरावर पोचून घोंगडी पांघरून बसणाऱ्याचे बिंग फुटते. तिसरी, यादीत वर असलेल्याला ठरावीक काळात आपल्या खालच्या जवळच्या गड्याचे आव्हान घेणे भागच पडावे, जसे मुष्टियुद्धात विजेत्याला नेमून दिलेल्या आव्हानवीराशी लढावे लागते. चौथी, आणि माझ्या मते सर्वांत मोलाची, वस्तादाचे गुण व गड्याचे गुण वेगवेगळे मोजावेत. जुन्या, पैसेवाल्या खेळाडूच्या पदरी मुळातच तगडे लढवय्ये असतात. ते जिंकले यात वस्तादाचे काय? ज्याने सामान्य गड्याकडून अपेक्षेपेक्षा अधिक करून घेतले तो खरा वस्ताद.

येथवर वाचलेल्यांपैकी काहींच्या मनात आले असेल की, एका पोरखेळासाठी एवढी शाई कशाला? मित्रहो, हा पोरखेळ आहे याबद्दल मी वाद घालणार नाही. पण क्रमवाऱ्यांचा रोग त्या खेळापुरता आहे काय?

दहावीचा शंभर टक्के निकाल लावणाऱ्या शाळांचे फलक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. माझ्या ओळखीतल्या एका मुलाला नववीच्या शेवटी त्याच्या शाळेने सांगितले की, "तू सतरा नंबरचा फॉर्म भर, बाहेरून बस." तो मठ्ठ नव्हता, गणितात कच्चा होता. त्याला शिकवणे ही शाळेची कठीण लढत होती. शाळेने ती लढत टाळली, फलकावर शंभर टक्के लिहिले, आणि पुढच्या वर्षी त्या फलकाकडे पाहून आणखी प्रवेश आले. तो मुलगा बाहेरून बसला आणि दुसऱ्या खेपेला पास झाला. पण त्याच्या त्या यशाची नोंद कुठल्याच फलकावर नाही. नव्वद टक्क्यांची मुले घेऊन नव्वद टक्के निकाल लावणारे महाविद्यालय आणि चाळीस टक्क्यांची मुले घेऊन त्यांना साठावर नेणारे महाविद्यालय, यांतला वस्ताद कोणता? आपल्या याद्या पहिल्यालाच वर बसवतात.

आणि आपण विद्यार्थी तरी काय करतो? विषय निवडताना 'यात गुण पडतात का?' हा पहिला प्रश्न असतो. 'यात मला काय कळेल?' हा शेवटचा. भाषाशास्त्र कठीण म्हणून टाळायचे, संस्कृत पाठांतरावर गुण देते म्हणून घ्यायचे. वक्तृत्वाला जाताना जिथे नामांकित महाविद्यालये येत नाहीत अशी स्पर्धा हुडकायची आणि करंडक आणून कपाटात ठेवायचा. प्रश्नपत्रिकेत पर्याय असला की सोप्या प्रश्नांची जोड लावायची. यात नियमभंग कुठेच नाही. शिष्यवृत्ती, प्रवेश, नोकरी साऱ्यांचे दार टक्क्यांनीच उघडत असेल, तर गरीब घरच्या मुलाने सोपा विषय घेतला म्हणून त्याला बोल लावण्याचा अधिकार मला नाही. दोष आधी त्या दाराचा आहे, जे टक्के पाहते आणि विषय पाहत नाही. ज्याने अवघड विषय घेऊन पंचावन्न टक्के मिळवले त्याला ते दार बाहेर ठेवते, आणि पुढच्या वर्षी अवघड विषयाच्या वर्गात चारच डोकी उरतात. पाचव्या वर्षी तो विषयच बंद होतो. आकड्यांच्या हव्यासाने अशी एकेक विद्या मरते, आणि ती मेल्याची नोंदही कुठे होत नाही. मला या सगळ्या प्रकरणात भय वाटते ते याचे.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. क्रमवारी असावी, तिच्यावाचून खेळात रंग नाही आणि जगात व्यवहार नाही. पण ज्या क्रमवारीत प्रतिस्पर्ध्याची किंमत धरलेली नाही, तिला आपण मान देऊ नये. जे पराभव मोठ्या जोडीत पदरी आले त्यांना डाग न मानता शिक्षणाचा खर्च मानावा. प्राध्यापकमहाशयांना विनंती अशी की, गुणपत्रिका हातात घेताना एकदा विषयांच्या रकान्याकडेही नजर टाकावी. खेळ रचणाऱ्यांना, शाळा चालवणाऱ्यांना आणि नोकरी देणाऱ्यांना जे सांगायचे ते वर सांगितले आहे; ते ऐकतील तेव्हा ऐकतील.

आपण मात्र तोवर थांबण्याचे कारण नाही. कोणी आपल्यापुढे विजयांची यादी ठेवली की अदबीने, पण स्पष्टपणे विचारावे : पाडलेस खरे, पण कुणाला? आणि पुढच्या वर्षी विषयांचा अर्ज भरताना हाच प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावा. उत्तर देताना आजूबाजूला कोणी नसेल, यादीही नसेल; त्यामुळे ते खरे असण्याची शक्यता अधिक.